गाडी उभी, रस्ता पळतो

गेल्या जुलैत ताम्हिणी घाट चढून आल्यावर मी आईला म्हणालो, "काच थोडी खाली कर, एसी बंद करतोय." बाहेर धो धो पाऊस होता. काच खाली केली की आई भिजत होती आणि वर केली की समोरची काच धुरकट होत होती. बाबा पुढे माझ्या शेजारी बसून रुमालाने काच पुसत होते. ते एक अक्षर बोलले नाहीत. डॅशबोर्डवर बॅटरी 23 टक्के दिसत होती आणि घर अजून बरंच लांब होतं.

आमचं घर खडकवासल्याला. त्या दिवशी निजामपूरजवळच्या आत्याच्या गावी जाऊन यायचं होतं, जाऊन-येऊन साधारण दोनशे किलोमीटर. इलेक्ट्रिक गाडी घेऊन दोनच महिने झाले होते. घेताना मीच घरच्यांना पटवलं होतं. बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून त्यात भर घातली होती. "एका चार्जमध्ये तीनशेच्या पुढे जाते बाबा, सरकारमान्य चाचणी आहे," असं मी चार वेळा तरी म्हणालो असेन. गावी पोचलो तेव्हा 58 टक्के शिल्लक होते. तिथे रात्रभर चार्ज करू म्हटलं, तर पावसामुळे आदल्या दुपारपासून लाइटच नव्हती. तरी मी निर्धास्त होतो. गणित सोपं होतं: शंभर किलोमीटरला 42 टक्के लागले, परतीलाही तेवढेच लागतील.

परतीला 52 लागले. पिरंगुटजवळ एका चार्जरपाशी थांबलो, तर त्याचा स्क्रीन काळा. घरी पोचलो तेव्हा सहा टक्के उरले होते. पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर बाबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "मग तो तीनशेचा आकडा खोटा आहे का?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. टेस्टिंगला चाललं आणि प्रॉडक्शनला कोसळलं, हे माझ्या रोजच्या ओळखीचं दुःख. पण बाबांना काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही. नंतरचे तीन महिने मी ते उत्तर शोधत होतो, आणि त्याचे दोन तुकडे मला पुण्यातच सापडले. एक वेताळ टेकडीवर, दुसरा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

108 सेकंदांचं शहर

बाबांकडे एक जुनी वही आहे. 1980च्या दशकात घेतलेल्या स्कूटरपासून तिच्यात प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल आणि किलोमीटरचा काटा लिहिलेला आहे. पद्धत आपल्या सगळ्यांच्या घरातली: टाकी फुल करायची, गाडी चालवायची, पुन्हा फुल करायची आणि भागाकार करायचा. ही पद्धत भाबडी वाटते, पण पक्की आहे. कारण टाकीत नेमकं किती पेट्रोल आहे हे कळायची गरजच पडत नाही, फक्त पुन्हा किती मावलं एवढंच मोजायचं.

सरकारला किंवा कंपनीला मात्र असं मोजून चालत नाही. माझी गाडी लक्ष्मी रोडवर चालते, तुमची नगर रोडवर. माझा पाय जड, तुमचा हलका. मग दोन गाड्यांची तुलना कशी करणार? त्यासाठी सगळ्या गाड्यांना एकच रस्ता हवा, एकच ड्रायव्हर हवा, एकच हवामान हवं. असा रस्ता जगात कुठेच नसतो, म्हणून तो बनवावा लागतो.

आपल्याकडे तो बनवला पुण्याच्या एआरएआय या संस्थेने, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने. 1966 साली सुरू झालेली ही संस्था कोथरूडच्या बाजूला टेकडीवर आहे. पुणेकर सकाळी जिथे फिरायला जातात ती 'एआरएआय टेकडी' हीच. 1980च्या दशकात इथल्या मंडळींनी भारतीय शहरांत गाड्या प्रत्यक्षात कशा चालतात याचा अभ्यास करून 'इंडियन ड्रायव्हिंग सायकल' तयार केली. सायकल म्हणजे इथे दुचाकी नव्हे, आवर्तन. कोणत्या सेकंदाला किती वेग, याचं वेळापत्रक. एक आवर्तन 108 सेकंदांचं, आणि अशी सहा. कमाल वेग ताशी 42 किलोमीटर, सरासरी 22च्या आसपास. थांबा, निघा, थोडं पळा, पुन्हा थांबा. त्या काळच्या सिग्नलवरचं अख्खं शहर 108 सेकंदांत बसवलेलं.

चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. तिची चाकं मोठ्या रोलरवर ठेवतात. गाडी जागच्या जागी, खालचा रोलर फिरतो. ड्रायव्हरसमोर स्क्रीनवर वेगाची रेघ असते आणि त्याने ती रेघ पकडून चालवायचं. मग हवेचा विरोध आणि टायरचं घर्षण रोलरला कसं कळतं? त्यासाठी आधी सपाट, सरळ ट्रॅकवर गाडी पळवून न्यूट्रलमध्ये सोडतात आणि वेग किती वेळात किती उतरतो ते मोजतात. त्यावरून रोलरने किती अडवायचं ते ठरतं. म्हणजे रस्ता एकदाच मोजला जातो आणि पुढे तो खोलीत पळतो.

2000च्या सुमारास प्रदूषणाचे युरोपसारखे नियम आले, तेव्हा चारचाकींसाठी नवी आवर्तनं आली: मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. ती युरोपच्या तेव्हाच्या चाचणीवर बेतलेली आहे. 1180 सेकंद, साडेदहा किलोमीटरच्या थोडं वर. तिचे दोन भाग आहेत. पहिला शहराचा, कमाल वेग ताशी 50 आणि सरासरी 19च्या आसपास. दुसरा शहराबाहेरचा. युरोपात त्या भागात वेग 120 पर्यंत जायचा, आपल्याकडे तो 90 वर थांबवला, कारण आपले तेव्हाचे रस्ते आणि गाड्या तशा नव्हत्या.

हे सगळं ठरलं तेव्हा समोर पेट्रोल-डिझेलच्या गाड्या होत्या. पेट्रोलची गाडी शहरात जास्त पिते. सिग्नलला उभी असतानाही इंजिन चालू आणि प्रत्येक ब्रेकला कमावलेला वेग उष्णता होऊन वाया. त्यामुळे तिच्यासाठी शहराचा भाग म्हणजे कठीण पेपर आणि हायवेचा सोपा.

इलेक्ट्रिक गाडीत हे नेमकं उलटं होतं. ती सिग्नलला उभी असताना मोटर काहीच खात नाही. ब्रेक लावला की मोटर जनरेटर होते आणि थोडी वीज परत बॅटरीत टाकते. तिचा खरा शत्रू म्हणजे हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 60 ऐवजी 100 ने गेलात तर तो पावणेतीन पटींहून जास्त होतो. म्हणून पेट्रोलच्या गाडीसाठी जो पेपर कठीण होता, तोच तिच्यासाठी सोपा ठरला. चाचणीत कोणी काही बदललं नव्हतं, परीक्षेला बसणारा बदलला होता.

आपल्याकडे इलेक्ट्रिक गाड्या अगदी नव्या नाहीत. बेंगळुरूची रेवा 2001 साली आली, शिसे-आम्लाची बॅटरी आणि सुमारे 80 किलोमीटरची रेंज घेऊन. पण तिच्याकडे लोक शहरातली दुसरी गाडी म्हणून बघत. रेंजच्या आकड्यावर भांडण व्हायला तो आकडा मोठा व्हावा लागला. जानेवारी 2020 मध्ये टाटांची नेक्सॉन ईव्ही आली: 30.2 युनिटची बॅटरी (किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचं एक युनिट) आणि एआरएआयने प्रमाणित केलेली 312 किलोमीटरची रेंज. भागाकार करा: युनिटला दहा किलोमीटरच्या थोडं वर. मार्च 2021 मध्ये, एवढी रेंज मिळत नाही अशा तक्रारीवरून दिल्ली सरकारने या गाडीचं अनुदान थांबवलं. कंपनीचं म्हणणं होतं की आकडा प्रमाणित चाचणीतला आहे आणि प्रत्यक्षातली रेंज वापरावर ठरते. दिल्ली उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली.

दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर बोलत होत्या, असं मला आता वाटतं. ग्राहक विचारत होता, 'मी किती जाईन?' चाचणी सांगत होती, 'या वेळापत्रकावर ही गाडी किती जाते.' प्रश्न वेगळे होते, उत्तर एकच छापलं गेलं.

युरोपने 2017 पासून जुनी चाचणी बदलून डब्ल्यूएलटीपी आणली: अर्ध्या तासाची, 23 किलोमीटरची, ताशी 131 पर्यंत जाणारी. तिच्या तयारीचं काम आधीपासूनच चालू होतं. 2015 मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं. ती गोष्ट धुराची होती, पण मोजमापाचीच होती: रोलरवर चाचणी चालू आहे हे ओळखून गाडीचं सॉफ्टवेअर तेवढ्यापुरतं नीट वागायचं. हे कळायच्या आधी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांनी डिकीत उपकरणं ठेवून गाडी खऱ्या रस्त्यावर चालवली होती. आपल्याकडे 2024 साली इलेक्ट्रिक गाड्यांची रेंज चाचणीचे दोन्ही भाग धरून सांगायला सुरुवात झाली. नेक्सॉनचा 325चा आकडा 275 झाला, 465चा 390. बॅटरी तीच, गाडी तीच. फक्त प्रश्न थोडा मोठा विचारला.

नदी मांडवात आणली तर

उत्तराचा दुसरा तुकडा आमच्या घराजवळचा. सिंहगड रोडने खडकवासल्याला येताना एका मोठ्या आवाराची भिंत लागते. सीडब्ल्यूपीआरएस, केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. लहानपणापासून ती पाटी मी बसमधून वाचत आलोय आणि आत काय चालतं हे कधी विचारलं नाही. बाबा पाटबंधारे खात्यात होते, त्यांना माहीत होतं. "आत नद्या आहेत," ते म्हणाले.

खरंच आहेत. 1916 साली मुंबई इलाख्याच्या सरकारने सिंचनाचे प्रश्न सोडवायला एक छोटा विभाग काढला, त्यातून ही संस्था वाढली. क्लॉड इंग्लिस नावाच्या इंजिनिअरने तिला आकार दिला. 1936 मध्ये ती केंद्र सरकारकडे गेली. इथे मोठमोठ्या शेडमध्ये आणि उघड्यावर नद्यांची, बंदरांची, धरणांच्या सांडव्यांची छोटी प्रतिकृती बांधतात आणि तिच्यात पाणी सोडतात. पूल कुठे बांधावा, बंदरात गाळ कुठे साचेल, हे आधी इथे बघायचं आणि मग तिकडे काँक्रीट ओतायचं.

पण नदी शंभरपट लहान केली की सगळंच शंभरपट लहान होत नाही. लांबी 1:100 केली तर वेग दहापट कमी होतो, वेळ दहापट भराभर जातो आणि वाहणारं पाणी लाखपट कमी लागतं. दिवसभराचा पूर अडीच तासांच्या आत उरकतो. आणखी एक अडचण असते. रुंद नदी 1:500 केली तर पाच मीटर खोल पाणी एक सेंटिमीटर होतं. एवढा पातळ थर नदीसारखा वाहत नाही. म्हणून खोली मुद्दाम जास्त ठेवतात. म्हणजे प्रतिकृती जाणूनबुजून चुकीच्या प्रमाणात बांधतात. अशा प्रतिकृतींवर इंग्लिस यांनी बरंच काम केलं.

मग चुकीच्या नदीवर विश्वास कसा ठेवायचा? तर आधी तिची परीक्षा घ्यायची. खऱ्या नदीत येऊन गेलेल्या एखाद्या पुराच्या नोंदी घ्यायच्या: कुठे पाणी किती चढलं होतं. तोच पूर प्रतिकृतीत सोडायचा. पातळ्या जुळत नसतील तर तळाला खडी लावायची, काढायची, खरखरीतपणा बदलायचा. झालेला पूर प्रतिकृतीत नीट दिसला, तरच न झालेल्या पुराबद्दल तिला विचारायचं.

याच आवारात नदीचा वेग मोजणारी यंत्रं तपासायचीही सोय आहे. लांब हौदात पाणी स्थिर ठेवतात, वर रुळांवरून एक ट्रॉली ठरलेल्या वेगाने जाते आणि तिला लटकवलेलं यंत्र त्या स्थिर पाण्यातून ओढलं जातं. नदीत यंत्र थांबलेलं असतं आणि पाणी वाहतं, इथे पाणी थांबलेलं आणि यंत्र पळतं. टेकडीवर गाडी उभी आणि रस्ता पळतो. पुण्याच्या दोन टोकांना एकच युक्ती चालू आहे, हे कळल्यावर मला हसू आलं.

फरक एवढाच की नदीच्या बाबतीत दुसरी अर्धी पायरी, म्हणजे खऱ्या पुराशी जुळवून बघणं, संस्थेच्याच कामात धरलेली आहे. गाडीच्या बाबतीत ती अर्धी पायरी माझ्यावर सोपवलेली होती. आणि मी ती न करताच आईबाबांना घेऊन घाटात उतरलो होतो.

वहीचं नवं पान

बाबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग मोजू या. टाकी फुल ते टाकी फुल."

इलेक्ट्रिक गाडीत टाकी म्हणजे काय, हाच पहिला प्रश्न. बाबांनी तो एका वाक्यात सोडवला. पुण्यात पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं की खडकवासल्याचा उपयुक्त साठा 1.97 टीएमसी आणि खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चारही धरणांचा मिळून 29.15 टीएमसी. त्याखाली मृत साठा असतो, तो पेपरवाले मोजत नाहीत. बॅटरीचंही तसंच आहे. तिचं आयुष्य टिकावं म्हणून कंपनी थोडा भाग वापरूच देत नाही. आमच्या गाडीत साधारण 28 युनिट वापरता येतात. भागाकार त्यानेच करायचा.

दुसरा प्रश्न, मोजायचं कुठे? गाडीचा स्क्रीन बॅटरीतून किती गेलं ते सांगतो. पण बिल येतं भिंतीतून किती आलं त्याचं. चार्जरमध्ये आणि वायरमध्ये काही वीज उष्णता होऊन जाते, चार्ज होताना गाडीची स्वतःची यंत्रणाही थोडी खाते. म्हणून पार्किंगमध्ये चार्जरसाठी वेगळा सबमीटर बसवून घेतला. दर वेळी शंभर टक्के करायची, मीटर बाबा वाचायचे, किलोमीटर मी.

तीन महिन्यांत 1840 किलोमीटर झाले. स्क्रीन म्हणाला 229 युनिट वापरले. सबमीटर म्हणाला 268. म्हणजे बॅटरीपासून मोजलं तर युनिटला आठ किलोमीटर, भिंतीपासून मोजलं तर 6.9. मधले 39 युनिट कुठल्याच जाहिरातीत नसतात, पण आमच्या बिलात होते.

आठ गुणिले 28, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. हा आमचा आकडा. पण घाटात हा आकडाही पुरला नसता, हे सिंहगडाने शिकवलं. मे 2022 मध्ये पीएमपीएमएलने गडावर खासगी गाड्या बंद करून ई-बस सुरू केल्या होत्या आणि त्याच महिन्यात ती सेवा थांबली होती, हे आम्हाला आठवत होतं. एका मंगळवारी सकाळी आम्ही दोघंच निघालो. गडाच्या वाहनतळापर्यंत पंधराएक किलोमीटर आणि चढ जवळजवळ सातशे मीटर. वर पोचेपर्यंत 17 टक्के उतरले. कांदाभजी आणि मटक्यातलं दही खाऊन खाली आलो, तर चार टक्के परत वाढले होते. बाबांना हे चार टक्के इतके आवडले की त्यांनी खाली रेघ मारून ठेवली.

आता हिशोब बघा. जाऊन-येऊन 30 किलोमीटरला 13 टक्के, म्हणजे युनिटला आठ किलोमीटरच्या थोडं वर. अगदी आमच्या सरासरीएवढं! पण चढताना आम्ही युनिटला फक्त तीनच किलोमीटर जात होतो. दीड टन वजन सातशे मीटर उचलायलाच जवळजवळ तीन युनिट लागतात, मग तुम्ही कितीही हळू चालवा. उतरताना त्यातलं थोडंच परत मिळतं. सरासरी बरोबर होती, पण चढाच्या मध्यावर अडकलेल्या माणसाला तिचा उपयोग नव्हता.

माझी जुलैतली चूक तिथे स्पष्ट दिसली. ब्रोशर जेवढं चुकलं नव्हतं तेवढा मी चुकलो होतो. गावी जाताना घाट उतार होता, त्या 42 टक्क्यांवरून मी परतीचा चढ मोजला होता. वर पाऊस, ओला रस्ता, काचेसाठी एसी आणि मागच्या सीटवर आत्याने दिलेलं तांदळाचं पोतं. यातलं काहीही रोलरवरच्या खोलीत नसतं. तिथे हवा वीस ते तीस अंशांची असते, एसी बंद असतो आणि आत्या नसते.

"म्हणजे आकडा खोटा नाही," मी बाबांना म्हणालो. "तो दोन गाड्या शेजारी ठेवून बघायला आहे, गावाला जायला नाही."

"हे मला गाडी घ्यायच्या आधी सांगायचं होतंस," बाबा म्हणाले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. ज्याने इंजिनिअरिंग केलंय त्याच्या शब्दावर घरचे पैसे देतात. तो आकडा कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे हे बघायला मला एक संध्याकाळ पुरली असती.

दिवाळीनंतर पुन्हा आत्याकडे गेलो. निघायच्या आधी वही उघडून बसलो. उताराला किती, चढाला किती, चार माणसं, एसी चालू, पाऊस नाही. मी म्हणालो, घरी येताना 11 टक्के उरतील. बाबांनी वहीत 11 लिहिलं आणि निजामपूरला आत्याच्या शेजाऱ्यांकडे पंधरा अँपियरचा प्लग आहे का, हे फोन करून विचारून ठेवलं. प्लग होता, पण लावावा लागला नाही. यंदा पोतं आईने मुद्दाम नाही म्हणून सांगितलं, तरी अर्धं आलंच.

पार्किंगमध्ये पोचलो तेव्हा स्क्रीनवर 14 होते. बाबांनी चष्मा लावून वाचलं, 11 समोर 14 लिहिलं आणि म्हणाले, "तीन चुकलास. पण या बाजूला चुकलेलं चालेल."